गाठीमागे एक रुपया

इ. स. १९२० साली मुंबई शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसविण्यात आली. जकात म्हटली की व्यापाऱ्याने कुरकुरावे आणि गिऱ्हाइकाने ती मुकाट्याने सोसावी, हा जगाचा रिवाजच आहे. तेव्हा या एका रुपयाची वार्ता शंभर वर्षांनंतर सांगण्याजोगी का मानावी, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. कारण इतकेच की, हा रुपया सरकारी खजिन्यात मिसळून नाहीसा व्हावयाचा नव्हता. त्याचा फार मोठा भाग गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांसाठी खोल्या बांधण्याकडे लावावयाचा, असे कायद्याने ठरले होते. एका शहराने आपल्या मुख्य धंद्यावर पट्टी बसवून श्रमिकांच्या निवाऱ्याचा निधी उभारला, असे हे आपल्या देशातील फार जुने आणि फार मोठे उदाहरण होय. त्याचे यश किती व अपयश किती, आणि त्यातून आमच्या पिंपळनेरासारख्या लहान गावाने काय घ्यावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

खानदेशच्या माणसाला या कथेत विशेष गोडी वाटावी, असे तिच्यात काही आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडून विलायतेस जाणारा कापूस थांबला, आणि आमच्याकडील काळ्या जमिनीचे भाग्य उजळले. जी. आय. पी. रेल्वेने खानदेशचा माल मुंबईच्या बंदराशी जोडला. १९०० साली चाळीसगावहून धुळ्यापर्यंत फाटाही झाला. जिनात सरकी निघाली, प्रेसमध्ये रुई दाबली गेली, की सुमारे ४०० पौंडांची गाठ मुंबईच्या वाटेला लागे. त्या गाठीमागचा रुपया नाक्यावर व्यापारी भरी हे खरे. परंतु तो सर्वस्वी त्याच्याच खिशातून जाई, असे कोणी समजू नये. खरेदीचा भाव ठरविताना व्यापारी तो मागे शेतकऱ्याकडे ढकली किंवा विक्रीच्या वेळी पुढे गिरणीवाल्याकडे. जो अडलेला, त्याच्या माथी तो बसे. म्हणजे वरळीच्या चाळीतील एखाद्या विटेत गिरणाकाठच्या किंवा तापीकाठच्या कुणब्याचाही अंश आहे, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

हा निधी उभारण्याची पाळी का आली, हे आधी पाहिले पाहिजे. गिरण्या वाढल्या, रत्नागिरी, सातारा वगैरे जिल्ह्यांतून हजारो माणसे मुंबईत आली. पण ती राहणार कोठे, हे पाहण्याची जबाबदारी कोणीच आपली मानली नाही. गिरणीवाला म्हणे, मी मजुरी देतो; घरमालक म्हणे, मी भाड्याने खोली देतो; म्युनिसिपालिटी म्हणे, मी रस्ता व पाणी पाहते. या तिघांच्या मध्ये जी फट राहिली, तीत माणसे कोंबली गेली. एकेका अंधाऱ्या खोलीत एकाहून अधिक बिऱ्हाडे नांदू लागली. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागात प्लेग प्रकटला, तेव्हा कोठे सर्वांचे डोळे उघडले. कारण रोगाला गरिबाचे घर आणि श्रीमंताचा बंगला यांतील भेद कळत नाही. भीतीने गिरण्या ओस पडू लागल्या. ज्या मजुराच्या निवाऱ्याची किंमत कोणी धरली नव्हती, तो गावी निघून जाताच त्याची किंमत सर्वांना कळली.

त्या भयातून १८९८ साली मुंबईची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था जन्मास आली. तिने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बिऱ्हाड १९१२ पासून वीस वर्षांहून अधिक काळ होते. ट्रस्टने केलेले काम उपयोगी नव्हते असे नाही. तथापि तिचा हात पाडण्यात जितका चपळ, तितका बांधण्यात नव्हता. एके ठिकाणची गर्दी उठली की ती शेजारच्या वस्तीत जाऊन बसे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांची भरभराट झाली, मजूर आणखी वाढले, बांधकामाचे सामान महागले आणि खोल्यांची टंचाई पराकोटीस पोहोचली.

अशा वेळी, १९१८ च्या अखेरीस, सर जॉर्ज लॉईड मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. मोठ्या योजनांची त्यांना मोठी आवड. १९२० साली त्यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते स्थापन केले. याच खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बी.डी.डी. चाळी हे नाव लोकांच्या तोंडी बसले. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढावयाची आणि कामगारांसाठी आठ वर्षांत ५०,००० खोल्या बांधावयाच्या, अशी दुहेरी प्रतिज्ञा खात्याने केली. पैसा कर्ज काढून उभा करावयाचा. खोल्यांचे भाडे येईल ते घ्यावयाचे. आणि व्याज, देखभाल वगैरे खर्च व मिळालेले भाडे यांत जी तूट येईल ती गाठीमागच्या रुपयातून भरावयाची, अशी सारी आखणी होती. कागदावर ही आखणी निर्दोष दिसते. शाळेतील त्रैराशिकाप्रमाणे तिचे उत्तर जुळते.

प्रत्यक्षात मात्र ५०,००० खोल्या कधीच झाल्या नाहीत. वरळी, नायगाव, शिवडी आणि त्या वेळचा डिलाईल रोड, ज्याला पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे नाव मिळाले, अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळ तळमजला धरून चार मजल्यांची. मध्ये लांब बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, एका चाळीत ८० बिऱ्हाडे. नळ व शौचकूप सामायिक. एका खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट. म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या होऊन काम थांबले. सिमेंटच्या भिंती मजबूत होत्या, पण उजेड व वारा यांची आबाळ होती. त्या काळात मुंबई विश्वविद्यालयात समाजशास्त्राचे अध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस यांनी मुंबईच्या चाळींविषयी म्हटले की, या माणसांना राहण्याच्या जागा नव्हेत, त्यांना साठवून ठेवण्याची गोदामे आहेत.

आणि याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. शहरात खोल्यांसाठी हाहाकार, आणि या नव्या खोल्यांपैकी कित्येक वर्षानुवर्षे रिकाम्या! विशेषेकरून वरळीच्या चाळींत बिऱ्हाडकरू येईनात. गिरणीपासून अंतर लांब, जवळ बाजार नाही, रस्त्यावर दिवे पुरेसे नाहीत, रात्रपाळीहून परतणाऱ्याला सुरक्षित वाटावे असे काही नाही, आणि या सर्वांवर भाडे जड. भाडे उतरवावे लागले. तरीही खोल्या चटकन भरल्या नाहीत. १९३० च्या सत्याग्रहाच्या धामधुमीत वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. कामगारांना निवारा म्हणून बांधलेली वास्तू प्रथम कैद्यांच्या कामी यावी, यापरते त्या योजनेवरील भाष्य दुसरे कोणते करावे!

आता या अपयशाचे मूळ शोधू. निधी नव्हता असे नाही. कापूस दरवर्षी येत होता आणि गाठीमागे रुपया जमत होता. दोष निधीच्या उगमात नव्हता, तो निधीच्या उपयोगात होता. उदाहरणार्थ, समजा, एका खोलीस १,००० रुपये खर्च आला आणि ते रुपये दरसाल दरशेकडा सहा टक्के व्याजाने आणले. मग वर्षाला ६० रुपये, म्हणजे महिन्याला पाच रुपये, केवळ व्याजापायी गेले. मुद्दलाची फेड, डागडुजी, झाडलोट, पाणीपट्टी ही सर्व निराळीच. हे आकडे मी केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु यावरून ध्यानात येईल की, कर्जाने बांधलेल्या घराचे भाडे घराच्या किमतीवर ठरत नाही, ते सावकाराच्या व्याजावर ठरते. मग पूर्ण खर्चाचे भाडे कामगाराला परवडत नाही; परवडेल ते भाडे घेतले तर तूट वाढते; आणि जो निधी नवी घरे बांधण्यास उपयोगी पडावा, तो जुन्या कर्जाचे व्याज भरण्यात आटतो. रुपया गाठीमागून निघाला कामगाराच्या नावाने, आणि पोहोचला कर्जरोखेवाल्याच्या घरी.

त्याच दशकात युरोपातील एका शहराने हेच कोडे निराळ्या रीतीने सोडविले, ते तुलनेसाठी पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. महायुद्धात पराभूत, पैशाची किंमत मातीमोल झालेली, घरांची दुर्दशा. तेथील नगरसभेने १९२३ साली घरांवर चढत्या दराचा एक खास कर बसविला. तिच्या अर्थखात्याचे प्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांचे नाव या कराशी कायमचे जोडले गेले आहे. लहान बिऱ्हाडास नाममात्र कर, मोठ्या हवेलीस भरभक्कम. हे उत्पन्न घरबांधणीकडेच लावले जाई, आणि मुख्य मुद्दा हा की, तेथे बांधकामाचा खर्च कर्जातून न करता कराच्या उत्पन्नातून रोखीने केला जाई. त्यामुळे भाड्यात व्याजाचा बोजा शिरला नाही. भाडे केवळ देखभालीपुरते राहिले आणि कामगाराच्या मिळकतीचा अगदी थोडा भाग त्यात जाई. १९३४ पर्यंत अशी ६०,००० हून अधिक घरे झाली. घरांसोबत अंगण, धुण्याची सोय, बालकमंदिरे व वाचनालये आली.

मुंबई परतंत्र, व्हिएन्ना स्वतंत्र. तेथील नगरसभा कामगारांच्या मतांवर निवडून आलेली आणि येथील गव्हर्नर सातासमुद्रांपलीकडून नेमलेला, हा भेद आहेच. किंबहुना तोच खरा भेद होय. व्हिएन्नाच्या घरात जो राहणार होता, त्याचे मत घर बांधणाऱ्याला विचारात घ्यावे लागत होते. मुंबईत, खिडकी कोठे असावी, चूल कोठे मांडली जाते, गावाकडचे पाहुणे आले म्हणजे निजतात कोठे, हे ज्याला माहीत, त्याला कोणी विचारलेच नाही. आपल्याच प्रांतभागात याला अपवाद नव्हता असे नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलने इंदोरा येथे जागा घेऊन कामगारांची वसाहत आखली. कामगाराला भूखंड द्यावयाचा, बांधणीस कर्जाऊ साह्य करावयाचे आणि घर त्याने आपल्या सोयीने उभारावयाचे, अशी ती पद्धती होती. तिचा व्याप मुंबईच्या मानाने लहान; परंतु तेथे खोली रिकामी पडण्याचा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते, कारण स्वतः बांधलेले घर कोण रिकामे टाकील?

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, बी.डी.डी. चाळी पुढे भरल्या, आणि नुसत्या भरल्या नाहीत, तर नांदत्या झाल्या. त्यांच्या बोळांतून व पटांगणांतून गणेशोत्सव झाले, व्यायामशाळा, भजनी मंडळे आणि नाटके झाली, संप व चळवळी उभ्या राहिल्या, आणि बाबासाहेबांच्या अनुयायांच्या कित्येक पिढ्या शिकून मोठ्या झाल्या. दगड-सिमेंटच्या कोठड्यांना माणसांनी आपल्या जिव्हाळ्याने घरपण दिले. ते श्रेय बांधणाऱ्या खात्याचे नव्हे, राहणाऱ्या लोकांचे. या चाळींच्या पुनर्बांधणीचे भूमिपूजन २०१७ साली झाले, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांपासून ५०० चौरस फुटांपर्यंत येण्यास एक शतक लागले.

स्वातंत्र्यानंतर श्रमिकांच्या घरांसाठी धंद्यावर उपकर बसविण्याची कल्पना आपल्या देशात पुन्हा रुजली. १९७६ साली विडीच्या धंद्यावर उपकर बसवून विडी कामगार कल्याण निधी निर्माण झाला, आणि घरबांधणीस साह्य हेही त्या निधीचे एक काम ठरले. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन बांधकाम मजुरांच्या कल्याणाची सोय करण्यात आली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने गोदूताई परुळेकर यांच्या नावाची सहकारी संस्था काढली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार स्त्री, अशा तिघांच्या वाट्यातून कुंभारी येथे सुमारे १०,००० घरांची वसाहत झाली, आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे वाटप झाले. पुढे त्याच परिसरात रे नगर ही ३०,००० घरांची योजना निघाली. तिच्यातील पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. यंत्रमागावरचे कामगार, विडी कामगार, चिंध्या वेचणारे, वाहने हाकणारे अशा लोकांची ही घरे. मुंबईत जे राहून गेले होते, ते सोलापुरात घडले. घर मागणारी बाई संस्थेची सभासद होती, तिचा पैसा त्यात होता, म्हणून तिचा शब्दही त्यात होता.

परंतु येथेही एक इशारा आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कराची नवी व्यवस्था आली आणि विडीवरील तो उपकर रद्द झाला. एका लेखणीच्या फटकाऱ्याने चाळीस वर्षांचा झरा आटला. दूरच्या राजधानीत ज्या निधीचा उगम, त्याचा शेवटही दूरच्या राजधानीतच होतो. म्हणून निधी जितका स्थानिक, तितका तो राखणे लोकांच्या हाती, असे माझे मत आहे.

आता कोणी म्हणेल, या सर्व मोठ्या शहरांच्या गोष्टी. पांझरेच्या उगमाकडील, सह्याद्रीच्या पायथ्याच्या पिंपळनेरास त्यांचे काय? एके काळी तालुक्यास ज्याचे नाव होते, ते हे गाव आज साक्री तालुक्यातील एक बाजारपेठ आहे. डोंगरभागातील आदिवासी बांधव येथे मजुरीस व बाजारास येतात. आपल्या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत व अन्यत्र जातात आणि हंगामभर उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत राहतात. साखर गोड, पण ती ज्याच्या कोयत्याने निघते त्याचे छप्पर पाचटाचे! मुंबईच्या गिरणगावात १८९६ पूर्वी जी फट होती, तीच ही फट. कारखाना म्हणतो, तो मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो, मी उचल दिली आहे. गाव म्हणते, तो परगावचा.

सामायिक निधी चालविणे आम्हा खेडवळांस साधावयाचे नाही, असा एक समज शहरांत आहे. त्याला उत्तर आमच्या पांझरा नदीनेच दिलेले आहे. हिच्यावर आणि शेजारच्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाणी देणारा पाटकरी, राखणीचा जागल्या यांचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देत. वर्षातून एकदा पाटाचा गाळ काढावयाचा, तेव्हा प्रत्येक घरचे माणूस आले पाहिजे. हा निधी नव्हे तर काय? त्यात व्याज नव्हते, कचेरी नव्हती, कर्जरोखे नव्हते. ज्याला पाणी, त्याचा वाटा. ज्याचा वाटा, त्याचा शब्द. पुढे मोठी धरणे, विहिरी आणि नगदी पिके आली तशी ही पद्धती बऱ्याच ठिकाणी क्षीण झाली. तथापि सामायिक पाण्याची वाटणी ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके केली, त्यांना सामायिक निवाऱ्याचा निधी जड जाऊ नये.

अशा निधीची घडण कशी असावी, हे आपण पाहिलेल्या इतिहासातच लिहिलेले आहे. उगम ठरलेला व नेमका असावा. धंद्याच्या उलाढालीतून थोडे थोडे यावे, पण ते अशा टप्प्यावर घ्यावे की त्याचा सारा भार अडलेल्या शेतकऱ्यावर पडू नये. आलेला पैसा दुसऱ्या कामास लावता येऊ नये. घरे शक्यतो रोखीने बांधावीत. दहा घरे बिनव्याजी झालेली बरी, शंभर घरे व्याजात बुडालेली नकोत. जमीन गावाने द्यावी आणि ती कामापासून दूर, ओसाड जागी नसावी. डागडुजीसाठी भाड्यातील काही अंश पहिल्या महिन्यापासून निराळा काढावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो त्या घरात राहणार त्याचा अल्पसा का होईना पैसा त्यात असावा आणि पंचांत त्याची जागा असावी. हंगामी मजुराला कायमचे घर नको असेल, त्याला चार महिन्यांची पक्की पडवी, पाणी, मोरी आणि मुलांसाठी शाळेजवळची जागा हवी असेल. परंतु ते त्यालाच विचारले पाहिजे.

मुंबईच्या कापसाने गाठीमागे एक रुपया दिला, ही लहान गोष्ट नव्हती. आपल्या धंद्याचे वैभव ज्यांच्या श्रमावर उभे आहे, त्यांच्या निवाऱ्याचे देणे त्या धंद्यावर आहे, हे तत्त्व त्या रुपयाने मान्य केले. तत्त्व खरे होते. राहणाऱ्याला बाहेर ठेवून ते अमलात आणण्याची रीत खोटी होती. आजच्या कांद्याच्या गोणीमागे, उसाच्या टनामागे, इमारतीच्या चौरस फुटामागे असा रुपया मागण्याचा अधिकार गावांना व नगरांना आहे की नाही, याचा वाद कायदेपंडितांनी करावा. तो मागावा, ही बुद्धी होणे मात्र आपल्या हाती आहे. शहरातील सुखवस्तू श्रोत्यांस माझे इतकेच सांगणे की, आपल्या चहातील साखर आणि अंगावरील सूत ज्या हातांतून आले, ते हात रात्री कोठे विसावतात, हे त्यांनी एकदा विचारून पाहावे. विचारणारे पुष्कळ झाले म्हणजे रुपया जमण्यास वेळ लागत नाही.